गिझरचा अँगल कॉक भिंतीत तुटला, बाथरूमचा मेन कॉक पूर्ण बंद होत नाही, सकाळपर्यंत काय करू?

तिसरा_मजला | रात्री २:१८

इमारत सात मजली, १४ वर्षं जुनी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाथरूममध्ये गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक भिंतीलगत तुटला. कॉक हातात आला, पण त्याच्या आट्यांचा तुकडा भिंतीतल्या एल्बोतच (पाइपाच्या कोपऱ्याच्या जोडात) अडकला आहे, बाहेरून फक्त धातूची रिंग दिसते.

बाथरूमच्या दाराशेजारी कन्सील्ड स्टॉप कॉक आहे, म्हणजे भिंतीत बसवलेला बाथरूमचा मेन कॉक. तो पूर्ण फिरवला तर धार निम्मी होते, थांबत नाही. शेवटी वॉचमनकडून गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करून घेतला. आता पाणी थांबलंय, पण ती उभी लाइन सातही मजल्यांच्या बाथरूमची आहे. पाचपासून लोक उठतात. प्लंबर नऊच्या आधी येणार नाही म्हणतो.

घरात आहे ते असं: पक्कड, एक ॲडजस्टेबल पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉचं सुटं पातं, टेफ्लॉन टेपचं एक रीळ, हातोडी.

पाचच्या आत लाइन सुरू करता येईल असं काय करू? तुकडा आत्ताच काढायचा प्रयत्न करू का? आणि गिझर सकाळी चालू केला तर चालेल का?

---

आटे_आणि_टेफ्लॉन | रात्री २:३४

तुकड्याला आत्ता हात लावू नका. तुमचं रात्रीचं काम भिंतीतल्या तुकड्याचं नाही, स्टॉप कॉकचं आहे. त्या कॉकने पाणी पूर्ण अडवलं की फक्त तुमचं एक बाथरूम बंद राहील आणि बाकीच्या सहा घरांना पाणी मिळेल. आणि तो दुरुस्त करायला लाइन रिकामी लागते. ती आत्ता आयती रिकामी आहे, ही संधी सकाळी मिळणार नाही.

आधी एक गोष्ट तपासा. हँडलची टोपी नखाने उचकटा, आतला स्क्रू काढा आणि हँडल ओढून काढा. आत पितळी दांडी दिसेल, तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. हँडल प्लास्टिकचं असेल तर त्याच्या आतल्या खाचा झिजतात आणि शेवटच्या फेऱ्यात हँडल नुसतं घसरतं, दांडी फिरतच नाही. दांडीवर पेनने खूण करा, पक्कडीने घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. खूण अजून अर्धा-एक फेरा पुढे गेली तर दोष हँडलचा होता, कॉक आता बंद झाला. गच्चीवरून लाइन थोडी उघडायला सांगून खात्री करा आणि झोपा.

दांडी आधीच शेवटाला घट्ट टेकलेली असेल तर आतला वायसर (पाणी अडवणारी रबरी चकती) गेलाय. मग असं करा:

१. दांडी उलटी फिरवून कॉक अर्धा उघडा. बंद स्थितीत स्पिंडल (दांडीसकट आतला सगळा भाग) काढायला गेलं की वायसर सीटवर (ज्या गोल कडेवर तो टेकतो तिच्यावर) दाबलेला राहतो, आटे ओढले जातात.

२. भिंतीवरची गोल वाटी काढा. काही वाट्या आट्यांवर असतात, काही नुसत्या दाबून बसवलेल्या. आत सहा पैलूंचा पितळी भाग दिसेल, तोच स्पिंडलचा बॉडी नट. पाना त्यावर पूर्ण बसला पाहिजे. भोक खोल असल्यामुळे ॲडजस्टेबल पाना तिरका धरावा लागतो आणि तिथेच पैलू घासले जातात. जबड्याची ढिलाई पूर्ण काढा, एका हाताने पाना भिंतीकडे दाबून धरा, मगच घड्याळाच्या उलट दिशेने जोर द्या. पाना खोलात पोचतच नसेल तर बॉक्स पाना लागतो. वॉचमनकडे किंवा पंपाच्या खोलीत बहुधा असतो.

३. स्पिंडल सुटताना पाइपात राहिलेलं पाणी येईल. खाली बादली ठेवा.

४. स्पिंडलच्या टोकाला काळा रबरी वायसर असेल. इतक्या जुन्या कॉकात त्यावर सीटचा गोल ठसा उमटून खोल खाच पडलेली असते. वायसर काढा आणि उलटा करून बसवा. मागची बाजू सपाट, न वापरलेली असते. रात्र निभवायला एवढं पुरतं, कधीकधी महिनाभरही निघतो.

५. नवा-जुना कोणताही वायसर लावण्याआधी बोट आत घालून सीट चाचपा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तिथे क्षाराचा खडबडीत थर असतो. जुन्या टूथब्रशने घासा, कापडाने पुसा. रेतीचा एक कण सीटवर राहिला तरी कॉक गळतो.

६. स्पिंडल परत लावताना आधी हाताने फिरवा. दोन-तीन फेरे हाताने सरळ गेले तरच पाना लावा. तिरके आटे गेले तर कॉकची बॉडी जाते, आणि बॉडी भिंतीत आहे.

७. कॉक पूर्ण बंद करा आणि मगच गच्चीवर फोन करा.

हा कॉक पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघड-बंद होणारा असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, वायसर नसतो. तसा असेल तर उघडू नका, इथे लिहा. दुसरा उपाय सांगतो.

---

पाणीवाटप | रात्री २:४१

वरचं सगळं पटतं. गच्चीच्या बाजूने थोडी भर घालतो.

वॉल्व्ह बंद केल्यावरही तुमच्या भिंतीतून बराच वेळ पाणी येत राहील, घाबरू नका. तुमच्या पातळीपासून गच्चीपर्यंत साधारण १५ मीटरचा उभा पाइप आहे. तो दीड इंची असेल तर त्यात १५ ते २० लिटर पाणी असतं. वरचे सगळे नळ बंद असले तर हवा आत शिरत नाही आणि हे पाणी गुळगुळ करत, थांबून थांबून उतरतं. वॉल्व्हनंतर गच्चीवर हवेचा उभा पाइप काढलेला असेल तर पटकन रिकामं होतं. नसेल तर सातव्या मजल्यावर कुणी जागं असल्यास त्यांना बाथरूमचा थंड पाण्याचा नळ दोन मिनिटं उघडा ठेवायला सांगा. स्पिंडल काढण्याआधी हे करून घेतलं तर बरंच सोपं पडतं.

वॉचमनला आत्ताच विचारा की नक्की कोणता वॉल्व्ह फिरवला. गच्चीवर घरगुती पाण्याची, फ्लशची आणि आगीची अशा वेगळ्या टाक्या असतात. आगीच्या लाइनचा वॉल्व्ह चुकून बंद केला गेला असेल तर तो लगेच उघडायला हवा. अंधारात बॅटरीच्या उजेडात हे खूप वेळा होतं.

लाइन उघडताना एकदम नको. बॉल वॉल्व्ह असेल तर दांडी आधी जेमतेम १० ते १५ अंश, मग दोन मिनिटं थांबून निम्मी, मग पूर्ण. चाकाचा गेट वॉल्व्ह असेल तर आधी एक फेरा. रिकाम्या पाइपात पाणी झपकन सोडलं तर आतली हवा दाबली जाते आणि धक्का नेमका सगळ्यात कच्च्या जागी बसतो. आज ती जागा तुमच्याकडे आहे. गेट वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी अडकणार नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाका: सकाळी पहिलं पाणी फुसफुसत आणि गढूळ येईल, एक-दोन बादल्या जाऊ द्या, गिझर त्यानंतरच लावा.

---

तिसरा_मजला | रात्री ३:२२

हँडल काढलं. दांडी शेवटापर्यंत टेकलेली होती, म्हणजे वायसरच. स्पिंडल निघालं. पण वायसर नुसता खाचलेला नाही, आरपार चिरलाय. उलटा करून उपयोग नाही. सीट गुळगुळीत लागते, क्षार होता तो काढला.

चपलेचं रबर कापून लावू का?

---

आटे_आणि_टेफ्लॉन | रात्री ३:२७

चपलेचा फोम दाबला की चपटा होतो आणि बाजूने पाणी निसटतं. शिवाय कापताना गोलाई बिघडते.

तुमच्या हातात तुटलेला अँगल कॉक आहे ना? तो उघडा. तो बऱ्याच फेऱ्यांनी उघड-बंद होणारा असेल तर त्याच्या आत असंच स्पिंडल आणि असाच वायसर असतो. दोन्ही कॉक अर्धा इंची असतील तर माप बहुतेक वेळा जुळतं. पक्कडीत कॉकची बॉडी कापड गुंडाळून धरा आणि पान्याने स्पिंडल सोडवा. गिझरचा अँगल कॉक वर्षानुवर्षं उघडाच असतो, त्यामुळे त्याचा वायसर सीटवर दाबला गेलेला नसतो. सपाट निघेल.

बसवताना तीन गोष्टी बघा. वायसरचा व्यास जुन्याइतका हवा, किंचित लहान चालेल, मोठा नको. जाडी साधारण तेवढीच. मधलं भोक स्पिंडलच्या टोकावरच्या खुंटीवर घट्ट बसलं पाहिजे. सैल असेल तर खुंटीभोवती टेफ्लॉनचे दोन वेढे द्या, नाहीतर कॉक उघडताना वायसर निसटून पाइपात जातो.

---

खुंटी_आणि_टेकू | रात्री ३:३५

दुसरी वाट तयार ठेवा: भिंतीतल्या तुटलेल्या रिंगलाच बूच मारायची. वायसर जुळला नाही तर पाच वाजता धावपळ होईल.

आधी दाबाचा अंदाज. तिसऱ्या मजल्याच्या त्या जागेवर टाकीचं पाणी साधारण १५ मीटर उंचीवरून येतं, म्हणजे सुमारे दीड बार. तुटलेल्या रिंगचं भोक १२ मि.मी. धरलं तर आत लावलेल्या बुचाला पाणी पावणेदोन किलोच्या आसपास जोराने बाहेर ढकलेल. एवढा जोर रोखणं अवघड नाही. मुद्दा असा की बूच हळूहळू सरकतं, म्हणून त्याला मागून आधार लागतो.

झाडूचा किंवा जुन्या कुंच्याचा लाकडी दांडा घ्या. टोक चाकूने निमुळतं करा. पुढचा भाग भोकापेक्षा थोडा बारीक, दोन-तीन सें.मी. मागे भोकापेक्षा थोडा जाड. उतार जितका लांब आणि सौम्य, तितकी पकड चांगली. आखूड शंकू केला तर तो निसटतो. या लाकडी खुंटीला सुती कापडाचा एकच पदर किंवा सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी गुंडाळा आणि पिळत पिळत आत घाला. लाकूड पाण्याने फुगतं आणि अर्ध्या तासात आणखी घट्ट होतं.

हातोडीने ठोकायचं झालं तर अगदी टिचक्या. इमारत १४ वर्षांची म्हणजे आतला पाइप बहुधा सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा), आणि पितळी आटे प्लास्टिकच्या एल्बोत बसवलेले असतात. जोरात ठोकलं की पितळ आणि प्लास्टिक यांच्यामधला जोड सुटतो, मग टाइल फोडण्याशिवाय गत्यंतर नाही.

खुंटीच्या मागच्या टोकाला मॉपचा दांडा लावा आणि त्याचं दुसरं टोक समोरच्या भिंतीला टेकवा. मध्ये रबरी चप्पल घातली की दांडा घसरत नाही. लांबी कमी पडली तर पुस्तकं नाही, लाकडी पाट घाला. खाली बादली, नहाणी ट्रॅपची जाळी काढलेली, आणि पहिली दहा मिनिटं कुणीतरी समोर थांबलेलं.

एम-सीलसारखी पुट्टी यावर लावू नका. साधी पुट्टी ओल्या धातूला चिकटत नाही आणि दाबाखाली तर आधी एक कोपरा सुटतो, मग सगळी पपडी निघते.

आणि ही एक युक्ती इतरांसाठी लिहून ठेवतो, कारण बहुतेक घरी तुकडा आत न राहता अख्खा कॉक निखळून येतो आणि भिंतीतले आटे स्वच्छ असतात. अशा वेळी वाहत्या पाण्यातही नवा कॉक बसवता येतो. त्याला कोरड्यात टेफ्लॉन गुंडाळा, कॉक पूर्ण उघडा ठेवा आणि उघड्या स्थितीतच आट्यांवर फिरवा. पाणी त्याच्या तोंडातून निघून जातं, हाताला विरोध होत नाही. चार-पाच फेरे घट्ट बसले की कॉक बंद करा. बंद कॉक किंवा बूच धारेवर लावायला गेलं की पाणी चारी बाजूंनी उडतं आणि पहिला आटा सापडत नाही. यासाठी एक सुटा अर्धा इंची नळ आणि टेफ्लॉनचं रीळ घरात असायलाच हवं.

---

वायरिंगवाला | पहाटे ३:५०

गिझरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गिझरचं बटण नाही, मेन बोर्डातला त्याचा एमसीबी (त्या सर्किटची वीज तोडणारा स्विच) खाली करा आणि त्यावर कागद चिकटवा. घरातलं कुणीतरी साडेपाचला सवयीने बटण दाबतं. थंड पाण्याची जोडणी तुटलेली असताना गिझरमध्ये पाणी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. इनलेटला (थंड पाणी आत येतं तिथे) सेफ्टी वॉल्व्ह नीट असेल तर त्यातला एकदिशा झडपेचा भाग पाणी मागे येऊ देत नाही आणि टाकी भरलेली राहते. तो नसेल किंवा अडकला असेल तर टाकी मागच्या मागे उतरलेली असू शकते. कोरड्या टाकीत २ किलोवॉटची कॉइल काही मिनिटांत जळते.

दुरुस्ती झाल्यावर क्रम असा: थंड पाण्याचा कॉक उघडा, बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा. आधी हवा येईल, मग तुटक पाणी, मग सलग धार. सलग धार एक मिनिट टिकली की नळ बंद, इनलेट-आउटलेटचे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा, आणि त्यानंतर एमसीबी वर करा.

पाणी बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर आलं होतं का? आलं असेल तर जमिनीजवळचे प्लग पॉइंट असलेली सर्किट्स बंद ठेवा. बोर्डात पाणी गेल्याची शंका असेल तर ओल्या फरशीवर उभं राहून मेन स्विचला हात लावू नका. कोरडी रबरी चप्पल, कोरडा हात, आणि शक्य असेल तर मीटरच्या खोलीतून बंद करा. आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप झाला असेल तर त्याला पुन्हा पुन्हा वर करू नका. तो ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, म्हणजे कुठेतरी ओल खरोखर आहे.

खालच्या घराला आत्ताच कळवा. त्यांच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर पाणी त्यावर साठतं आणि तासाभराने दिव्याच्या भोकातून उतरतं. त्यांनी आधी त्या दिव्याचं सर्किट बंद करावं, मग जिथे छत फुगलेलं किंवा सगळ्यात ओलं दिसतं तिथे खाली बादली धरून स्क्रू ड्रायव्हरने एक भोक पाडावं. अख्खा पत्रा खाली येण्यापेक्षा एक भोक बुजवणं परवडतं.

---

तिसरा_मजला | पहाटे ४:३६

अँगल कॉकच्या आत तसाच वायसर निघाला, सपाट होता. भोक किंचित सैल होतं, टेफ्लॉनचे दोन वेढे दिले. कॉक बंद करून गच्चीवरून सावकाश लाइन उघडली. भिंतीतल्या रिंगमधून आता मिनिटाला पाच-सहा थेंब येतात. खाली बादली आहे. खालच्या ताईंना फोन केला, त्यांचं छत कोरडं आहे. गिझरचा एमसीबी खाली केलाय.

आता सकाळी प्लंबरकडून नेमकं काय करून घेऊ? आणि तुकडा भिंत न फोडता निघतो का?

---

आटे_आणि_टेफ्लॉन | सकाळी ६:५०

पाच-सहा थेंब चालतील. कॉक आणखी आवळू नका, वायसर कापला जाईल.

तुकडा बहुतेक वेळा भिंत न फोडता निघतो, पण घाई केली तर निघत नाही. तीन पद्धती आहेत, याच क्रमाने करून घ्या.

पहिली, तुकडे काढायचा एक्स्ट्रॅक्टर. निमुळता, उलट्या आट्यांचा लोखंडी दांडा असतो. भोकात हलका ठोकून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो आत रुततो आणि रिंग सोबत फिरते. प्लंबरला फोनवरच विचारा की तो आहे का. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून आणायला सांगा.

दुसरी, जुन्या कानशीची शेपटी. कानशीचं मुठीत जाणारं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं. ते रिंगमध्ये हलकं बसवून पान्याने फिरवायचं. रिंगचं पितळ जाड असेल तर चांगलं जमतं. पातळ असेल तर रिंग फाकते आणि आट्यांत आणखी घट्ट रुतते. दोन-तीनदा हललं नाही तर थांबायचं.

तिसरी, हॅक्सॉचं पातं. २४ दाती, एका टोकाला कापड गुंडाळून मूठ केलेलं. भोकात घालून रिंगला आतून बाहेरच्या दिशेने काप द्यायचा. दात आपल्याकडे वळलेले हवेत, म्हणजे ओढताना कापतं. आधी चकचकीत पिवळी भुकटी पडते. कापात पांढऱ्या टेफ्लॉनचा धागा दिसला की तिथेच थांबायचं. त्याच्या पलीकडे एल्बोचे आटे आहेत, आणि त्यांच्यावर ओरखडा उमटला की नवा कॉक तिथून कायम झिरपतो. पहिल्या कापापासून पाच-सहा मि.मी.वर दुसरा काप. मग दोन कापांमधला तुकडा बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतल्या बाजूला वळवायचा. तेवढं झालं की रिंगचा ताण जातो आणि लांब नाकाच्या पक्कडीने ती उलट फिरवून निघते. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. प्लंबर छिन्नी-हातोडी घेऊन थेट ठोकायला लागला तर थांबवा. तुकडा निघाल्यावर आटे टूथब्रशने साफ करून जुना टेफ्लॉन पूर्ण काढायला हवा.

कॉक का तुटला हेही बघून घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल. तुटलेली कड उजेडात धरा. पितळासारखी पिवळी, दाणेदार आणि जाड असेल तर कुणीतरी जास्त आवळला होता किंवा गिझरची नळी ताणलेली होती. कड राखाडी दिसली तर तो पितळेचा नसून हलक्या मिश्रधातूचा होता. लालसर, तांब्यासारखी आणि ठिसूळ असेल तर पाण्याने पितळातलं जस्त खाल्लंय. कॉक आणि भिंतीच्या मध्ये एक्स्टेन्शन निपल (आट्यांची आखूड जोडनळी) होतं का, तेही सांगा. टाइल लावताना एल्बो खोल गेला की निपल घालून कॉक बाहेर आणतात. त्याच्या आट्यांची भिंत पातळ असते आणि कॉक जितका बाहेर, तितका मुळावर जोर. भिंतीत तुटणाऱ्यांपैकी मोठा वाटा याच निपलचा असतो.

नवं सामान: अर्धा इंची पितळी अँगल कॉक, हातात वजनदार लागणारा. निपल लागणारच असेल तर जाड पितळी आणि लागेल तेवढ्याच लांबीचं. गिझरच्या दोन्ही कनेक्शन नळ्या बदला, लांबी अशी घ्या की नळी सैल वळण घेऊन बसेल, ताठ नको. आणि कन्सील्ड कॉकचं अख्खं स्पिंडल. जुनं स्पिंडल दुकानात घेऊन जा, कंपनीप्रमाणे आटे आणि लांबी बदलते. स्पिंडल बदलताना लाइन पुन्हा अर्धा तास बंद लागेल, दुपारची वेळ सोसायटीत आधी सांगून ठरवा.

टेफ्लॉन आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, १२ मि.मी. टेपचे दहा-बारा वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून. कॉक हाताने घट्ट होईपर्यंत, मग पान्याने एक ते दीड फेरा. तोंड खाली आणायला थोडं उरलं असेल तर पुढेच न्यायचं. मागे फिरवलं की टेफ्लॉन सुटतो आणि गळती सुरू होते, मग काढून नव्याने गुंडाळावं लागतं. सीपीव्हीसीच्या पितळी आट्यांच्या एल्बोत ताग आणि सफेदा (टेफ्लॉनऐवजी आट्यांत भरायचे धागे आणि लेप) भरू देऊ नका. तो जीआय म्हणजे लोखंडी पाइपचा प्रकार आहे, इथे जास्त भरलं की एल्बो तडकतो.

कनेक्शन नळीच्या नटला टेफ्लॉन लावायचाच नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, नटाच्या आतला रबरी वायसर अडवतो. टेफ्लॉन लावल्याने नट पूर्ण बसत नाही, गळतो, मग माणूस आणखी आवळतो आणि नट फुटतो. हाताने घट्ट करून पाव फेरा पुरे.

---

पाणीवाटप | सकाळी ७:१५

खर्चाबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगतो. घराच्या आतली गळती आणि फिटिंग्जचा खर्च सभासदाचा, सामायिक उभ्या लाइन, टाक्या आणि गच्चीवरचे वॉल्व्ह सोसायटीचे, अशीच वाटणी महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत आहे. म्हणून तुमचा कॉक तुम्ही करा, पण गच्चीवरच्या वॉल्व्हवर पाट्या लावण्याचं पत्र आजच सेक्रेटरींना द्या. ऑइल पेंटने पाइपवरच लिहायचं: विंग, लाइन, बाथरूम की स्वयंपाकघर. कागदी लेबल एका पावसाळ्यात जातं.

---

तिसरा_मजला | सकाळी ११:०५

तुकडा पात्यानेच निघाला, टाइल शाबूत. तुटलेली कड राखाडी होती आणि मध्ये दीड इंच लांब निपल होतं. प्लंबर म्हणतो की अर्धा इंच लांबीचं निपल पुरेल, दीड इंचाचं कुणी घातलं कळत नाही. स्पिंडल दुपारी अडीच वाजता बदलतोय.

दुसऱ्या बाथरूममध्येही गिझरचा कॉक असाच बाहेर आलेला दिसतो. तो चालू स्थितीत आहे, गळत नाही. तरी बदलू का?

---

खुंटी_आणि_टेकू | सकाळी ११:२०

बदला, आणि आजच, त्याच अडीचच्या बंदमध्ये. एकाच वेळी, एकाच माणसाने, एकाच खोक्यातलं सामान लावलेलं असतं. फक्त काढताना कॉक धरून फिरवू देऊ नका, जोर निपलच्या मुळाशी जातो आणि तेही भिंतीत तुटेल. आधी कॉक निपलवरून सोडवायचा, निपल पाइप पान्याने दुसऱ्या हाताने स्थिर धरून. मग निपल भिंतीलगत धरून अगदी सावकाश, आधी जरासं आवळण्याच्या दिशेने हलवून टेफ्लॉनची पकड सोडवायची आणि मग उलट फिरवायचं. त्या बाथरूमचा कन्सील्ड कॉक काम सुरू करण्याआधी बंद करून नळ उघडून बघा. तोही १४ वर्षांचाच आहे. धार थांबली नाही तर दुकानातून एकाऐवजी दोन स्पिंडल आणायला सांगा.